मागितलं किती आणि दिलं किती

सरकारी रुग्णालयात औषध नाही म्हटलं की पहिला शब्द येतो भ्रष्टाचार. त्यावर बोलायलाच हवं. पण मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या औषध भांडारात मी फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली आहे, आणि तिथे रोज दिसणाऱ्या एका गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे पुढच्या वर्षाची मागणी कशी ठरायची? गेल्या वर्षी वॉर्डांना किती माल दिला, त्या आकड्यावर थोडे टक्के चढवून. आता समजा, एखादं इंजेक्शन चार महिने आलंच नाही. तेवढे महिने बिन कार्डवर, म्हणजे आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवायच्या कार्डावर, वाटप शून्य. पेशंटला तर ते लागतच होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, नातेवाइकांनी गेटबाहेरच्या मेडिकलमधून आणलं. त्या चिठ्ठीची नोंद कुठेच नाही. म्हणजे कागदावर गरज घटली, पुढची मागणी कमी गेली आणि माल पुन्हा मध्येच संपला. यात कुणी एक पैसाही खाल्लेला नसतो!

त्या चिठ्ठ्यांवर फार महागडं काही नसायचं. आयव्ही सेट, कॅन्युला, सिरिंज, एखादं अँटिबायोटिक. गावाहून आलेला माणूस खिडकीशी येऊन विचारायचा, "ताई, हे इथं मिळत नाही का?" चार दिवस वॉर्डाबाहेर चटईवर झोपणाऱ्याला रोजचे तीन-चारशे रुपये म्हणजे काय, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

पाणी तुंबलं की लेप्टोचे (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचे) पेशंट वाढणार, त्यावरचं डॉक्सीसायक्लिन आणि सलाइन जास्त लागणार, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. तरी पुरवठा वर्षाच्या आकड्याला बाराने भागून यायचा. त्यात पुरवठादाराची बिलं थकली की तो आधी रोख देणाऱ्याकडे माल पाठवणार, आणि पुढच्या टेंडरला येईल तेव्हा दर चढवूनच.

राज्याने २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिली, २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण आणलं. खरेदी कोण करतं याला महत्त्व आहेच. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ काढलं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं उभारली आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलं. आपल्या वाट्याची रक्कम किती उरली ते रुग्णालयाला कळतं, लागेल तसा माल उचलता येतो. एवढं लांब कशाला, परळमध्येच टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याने, अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून कॅन्सरच्या औषधांचे दर खूप खाली आणले. पण एकत्र करायला मुळात मागणी खरी हवी ना?

म्हणून माझं मागणं साधं आहे. बाहेरच्या चिठ्ठीची एक प्रत भांडारात यावी, नोंदीत 'मागितलं' आणि 'दिलं' असे दोन रकाने असावेत आणि वर्षाची मागणी पहिल्या रकान्यावरून निघावी. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांवर याचा बोजा नको. वॉर्डात त्यासाठी माणूस द्या. माझ्या मित्रयादीतल्या फार्मासिस्ट मंडळींनो, तुमच्याकडे अशी नोंद होत असेल तर ती कोण आणि कशी ठेवतं, ते नक्की लिहा.