भाऊ, थोडं थांबायला शिका

गरिबीचं खरं कारण काय, तर घाई. आळस वगैरे जुनं झालं, नशिबाला तर आता कोणी विचारतही नाही. आपल्या वऱ्हाडातल्या कास्तकाराला घाई लय, कापसाचा पहिला वेचा झाला नाही की भरला मेटाडोर अन् निघाला जिनिंगवर, आणि मग बोंबलत येते की भाव नाही. अरे पण थांब ना बाप्पा, दिवाळीत विकायला सांगितलं कोणी? तालुक्यातले मोठे लोक पाहा, ते थांबतात. त्यांच्याकडं गोडाऊन आहे, पोराची फी भरून झालेली आहे, घरात दर महिन्याला एक पगार येतो, कोणाकडं दोन. तुम्हीपण तेवढं करून घ्या आणि मग निवांत थांबा.

साठवायचा कुठं म्हणता? घरात. समोरच्या खोलीत छताला लागेपर्यंत टाका, पलंग ओसरीत काढा, टीव्हीपुरती जागा ठेवा. पोरं कापसावरच झोपतील, गादीचा खर्च वाचला. थोड्या दिवसांनी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटेल, मानेवर पोटावर बारीक लाल पुरळ येईल, म्हातारी रात्रभर खाजवत बसेल आणि शेजारी सकाळी विचारतील, काहो, कापूस विकला नाही वाटते अजून. या खाजेला गुंतवणूक समजायचं. मलमाच्या ट्यूबचे पैसे भावातून वजा करायचे नाहीत, उगाच मन खट्टू होतं. उंदीर, कोणाची विडी, वरच्या वायरीतली ठिणगी, कापूस वाळून वजनात घटतो ते, यातलं काहीच मनात आणायचं नाही. पॉझिटिव्ह राहायचं.

आता हिशेब करू, कारण शेतकऱ्याला हिशेब येत नाही असं शहरातले लोक म्हणतात. समजा १० क्विंटल कापूस आहे, तुम्ही चार महिने दम धरला आणि क्विंटलमागे १,००० रुपये वाढले (वाढतीलच असं नाही, पण आपण पॉझिटिव्ह आहोत), तर १०,००० रुपये जास्तीचे सुटले. आता तिकडं जूनमध्ये बियाण्या-खतासाठी ५०,००० उचलले होते शेकडा ५ नं, म्हणजे महिन्याचे २,५०० आणि या चार महिन्यांचे झाले १०,०००. जमलं बरोबर! थांबले तुम्ही, पैसे सावकाराचे, खाज घरच्यांची. शेकडा ५ ऐकायला किती गरीब वाटते ना, वर्षाचे ६० टक्के होतात ते. शहरात चारचाकी घ्यायची असली तर बँकेचा माणूस नऊ-दहा टक्क्यांनी घरी येऊन सह्या घेऊन जातो.

मग बँकेतून काऊन नाही घेतलं? अहो घ्या ना, पीककर्ज तर ३ लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजनाच आहे, फक्त वेळेत म्हणजे ३१ मार्चच्या आत भरायचं. ज्याच्या हातात ३१ मार्चला पैसा आहे त्याला पैसा फुकट. ज्याच्या हातात नाही तो थकबाकीदार, त्याला नवीन कर्ज नाही, त्यानं शेकडा ५ वाल्याकडं जायचं. जेवढी गरज जास्त तेवढा पैसा महाग, अशी ही सोय आहे, आणि हिला कोणी अन्याय म्हणत नाही, हिला सिबिल म्हणतात.

बरं हमीभाव आहेच की, मग रडता कशाला? आहे, २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा क्विंटलमागे ८,११० रुपये होता. त्यासाठी सरकारी खरेदीच्या कपास किसान ॲपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पेरा, आधार, मग स्लॉट, आणि कापसात ओलावा ८ टक्के पाहिजे, १२ पर्यंत चालवून घेतात पण कटती करून, त्याच्यावर गेला की गाडी वापस. आता दवाच्या दिवसात पहाटे वेचलेला कापूस म्हणजे विचारायलाच नको. खरेदी केंद्रावरचा कापूस तपासणारा ग्रेडर गाडीवर चढतो, कोपरापर्यंत हात घालतो, मशीन खुपसतो आणि तुमच्या तोंडाकडं न पाहता सांगतो, चौदा. झालं. मेटाडोरचं भाडं अंगावर, ड्रायव्हर म्हणते मले दुसरी ट्रिप आहे, आणि तेवढ्यात चहाच्या टपरीवरून व्यापाऱ्याचा माणूस खर्रा घोटत येतो, "कायले वापस नेता भाऊ, खाली करून टाका ना, भावाचं पाहून घेऊ आपण." त्यानं नेलेला तोच कापूस महिनाभर वाळला की ९ टक्क्यांचा होतो. मग तो कोणाच्या सातबाऱ्यावर हमीभावाला जातो यावर गावात बऱ्याच गोष्टी चालतात, मी काही पाहायला गेलो नाही.

सूतगिरण्यांना मात्र थांबायला लावू नये, तब्येत नाजूक असते त्यांची. म्हणून १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस बाजारात यायचे जे महिने नेमके तेच. योगायोग म्हणा आणि सोडून द्या.

एक चांगलं आहे की थांबायचं शिक्षण खालीपर्यंत देता येतं. वेचणीच्या बाया किलोवर वेचतात, सकाळपासून कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत वाकलेल्या, बोटाच्या कडा बोंडांनी फाटलेल्या, आणि बाजाराच्या दिवशी पैसे मागायला दारात येतात. तेव्हा तुम्ही एकदम मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणायचं, "बाई, कापूस विकू दे ना, मंग देतो, पळून चाललो काय मी?" ती थांबते, किराणा दुकानदार तिच्यासाठी थांबत नाही. मग संध्याकाळी पारावर बसून बोलायचं की लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांनी या बायांचा माज वाढला, कामाला येतच नाहीत. हे बोललं की बरं वाटतं. वरच्यांचा विषय निघतच नाही.

आणि काढूही नका, कारण वरच्या आकड्यांनी डोकं फिरतं. पिकेटी नावाचे फ्रेंच अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्यासोबतच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की २०२२-२३ साली देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडं ४०.१ टक्के संपत्ती होती. मेहनत करतात हो ते! बापाची इस्टेट पोराला मिळाली तर त्यावरचा कर १९८५ लाच गेला, संपत्ती कर २०१५ च्या बजेटात गेला, कंपन्यांचा कर २०१९ मध्ये ३० वरून २२ टक्क्यांवर आला. याला प्रोत्साहन म्हणायचं. रेवडी म्हणजे काय ते वर बायांच्या हिशेबात आलंच आहे. आणि २००८ च्या कर्जमाफीत २ हेक्टरची, म्हणजे पाच एकरांची, रेघ मारली होती, तिकडं पाण्याखालचे पाच एकर ऊसवाले पूर्ण माफीत बसले आणि इकडं आपला सात एकर कोरडवाहूवाला मोठा शेतकरी ठरला. आयुष्यात एकदा तरी मोठे झालो, हे काय कमी आहे.

तसं पाहिलं तर आपण थांबत नाही हा आरोपही खोटाच आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या तारखेसाठी थांबतो, रात्रीच्या लाइनीसाठी थांबतो, आणि ती वीज चंद्रपूरला आपल्याच कोळशावर बनते. फक्त भावासाठी थांबता येत नाही एवढंच.

पोरगं तर बापापेक्षा पुढं गेलं. भरती निघायची वाट पाहता पाहता तिशी उलटून गेली, अभ्यासिकेचा पास दर महिन्याला नवा. मुलीकडचे आले की आधी विचारतात वावर किती, वावर नसलं तर नापास, आणि पोरगा वावरातच राहतो म्हटलं की अर्धा चहा ठेवून उठतात. तर त्याला एवढं शिकवून ठेवा की पाहुण्यांसमोर समोरच्या खोलीचं दार उघडंच राहू द्यायचं, आणि कोणी विचारलंच की कापूस काहून पडला आहे, तर मान खाजवत नाही, ताठ बसून सांगायचं, भाव वाढायसाठी थांबलो आहोत. पाच मिनिटं तरी पार्टी तगडी वाटते.