वीस नखं? आधी मोजून तरी बघा

वीस नखांच्या कासवाचा तो मेसेज गेल्या पंधरवड्यात मला पाच जणांनी पाठवला. पहिल्या चौघांचा मी न बोलता पुसून टाकला. पाचवा आत्याचा होता आणि खाली तिने लिहिलं होतं, "आपल्याकडे आलंय गं, बघायला ये." म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज थोडक्यात असा: ‘लिसेमिस पंक्टाटा’ नावाच्या दिव्य कासवाला वीस नखं असतात. लिसेमिस हा लक्ष्मी शब्दाचाच अपभ्रंश. हे कासव ज्या घरात राहतं तिथे पैसा टिकतो. त्याला खायला-प्यायला लागत नाही. ते तीनशे वर्षं जगतं. त्याच्या तेलाने दमा जातो. आणि शेवटी, शास्त्रज्ञांनाही त्याचं नाव नक्की करता आलेलं नाही, यातच काय ते समजा.

आत्याचं घर बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात. जोराचा पाऊस झाला की मागच्या अंगणात काय काय येतं. विश्वामित्री नदीच्या काठच्या गावात राहायचं तर मगर, साप, कासव यांचं कुणाला नवल वाटत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या होत्या, ते सगळ्या देशाने पाहिलं. तर आत्याच्या अंगणात कासव आलं आणि मेसेज वाचून तिने ते घंगाळात ठेवलं. मी गेले तेव्हा चौथा दिवस होता. अर्धं घंगाळ पाणी, काठाला हळदकुंकू, पाण्यावर फुगलेले तांदूळ. कासव बशीएवढं, पाठ शेवाळी आणि गुळगुळीत, तिच्यावर फिकट पिवळे ठिपके. मी हात लावला तसं डोकं आत गेलं, पोटाकडचा पुढचा भाग वर उचलून दार बंद झालं आणि मागे दोन कातडी झडपा पायांवर मिटल्या. या झडपा हीच या कासवाची ओळख.

"आत्या, नखं मोजलीस का?"

"मेसेजमध्ये लिहिलंय की वीस."

आम्ही गप्प बसून राहिलो. पाचेक मिनिटांनी एक पाय बाहेर आला, बदकासारखा पडदा असलेला. आत्याने चष्मा लावला. तीन. दुसरा पाय, तीन. मागचे दोन, तीन-तीन. चार त्रिक बारा.

हे त्या एकाच कासवाचं वैगुण्य नाही. मऊ कवचाच्या कासवांचं जे कूळ आहे, त्याच्या नावातच ही नखं मोजून ठेवलेली आहेत. जोफ्रुआ सेंत-इलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०९ मध्ये ‘ट्रायोनिक्स’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ट्राय म्हणजे तीन आणि ओनिक्स म्हणजे नख. त्यावरूनच अख्ख्या कुळाचं नाव ‘ट्रायोनिकिडी’ पडलं. लिसेमिस याच कुळातलं. म्हणजे शास्त्रीय नाव पुढे करून जो मेसेज वीस नखं सांगतो, त्याला त्या प्राण्याचं घराणंसुद्धा ठाऊक नाही. बरं, टणक पाठीची कासवं घ्या. त्यांच्यातही बहुतेकांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार नखं असतात. झाली अठरा. चांदणी पाठीच्या कासवाचीही अठराच.

बारा मोजून झाल्यावर आत्या म्हणाली, "मग ते दुसरं असेल. हे नसेल ते." मला खरी भीती वाटली ती या वाक्याची. कारण कासवं पकडणारेही हेच म्हणतात. हे बारा नखांचं निघालं? मग दुसरं पकडा. तेही नाही? मग आणखी एक. जे कासव जवळजवळ नसतंच, त्याला लाखांची किंमत लावली की असलेली सगळी कासवं तळ्यातून उपसली जातात. नखं मोजून नापास झालेलं कासव कुणी जपून परत सोडत नाही. ते गोणीत राहतं किंवा कढईत जातं. आणि मेसेज पुढे पाठवणारा प्रत्येक जण या धंद्याची फुकट जाहिरात करत असतो, मग तो देवभोळेपणाने का करत असेना.

लक्ष्मीचं म्हणाल तर ‘लिसोस’ हा ग्रीक शब्द आहे, अर्थ गुळगुळीत, आणि ‘एमिस’ म्हणजे गोड्या पाण्यातलं कासव. घंगाळातली ती पाठ पाहिली की नाव का पडलं हे कुणीही सांगेल. ‘पंक्टाटा’ म्हणजे ठिपकेदार.

नावाच्या घोळाबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, हे मला कबूल करावं लागतं. हे कासव आधी ‘एमिडा’ या नावाखाली होतं. पण ते नाव त्याआधीच दुसऱ्या कुणीतरी वापरून ठेवलेलं होतं आणि प्राण्यांच्या नावात पहिल्याचा हक्क चालतो. म्हणून माल्कम स्मिथने १९३१ मध्ये, ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतल्या कासव-मगरींच्या खंडात, ‘लिसेमिस’ हे नवं नाव दिलं. ‘पंक्टाटा’ पहिल्यांदा कुणी दिलं, यावर आजही पुस्तकांत दोन नावं दिसतात, कुठे १७८८ चा लासेपेद, कुठे १७८९ चा बोनातेर. त्यात आणखी गंमत अशी, की ज्या दक्षिणेकडच्या उपजातीला हे ‘ठिपकेदार’ नाव चिकटलं तिच्या पाठीवर ठिपके नसतात, आणि उत्तरेकडच्या ठिपकेवालीला वेबने १९८० मध्ये ‘अँडरसोनाय’ असं वेगळं नाव दिलं. वाद आहे तो एवढाच, छापील कागदांचा आणि तारखांचा. त्यात दैवी काही नाही.

खायला लागत नाही, यातही कणभर खरं आहे. तळं आटलं की हे कासव चिखलात गाडून घेतं आणि महिनोन्‌महिने तसंच पडून राहू शकतं. पण तो चिखल त्याने स्वतः निवडलेला असतो. पितळी घंगाळ, नळाचं पाणी आणि अक्षता म्हणजे चिखल नव्हे. एरवी ते बेडूक, मासे, गोगलगाई, मेलेलं जनावर, पाणवनस्पती असं सगळं खातं. त्याने पाणी स्वच्छ राहतं, हा त्याचा खरा उपकार. तीनशे वर्षांची गोष्ट बेटांवरच्या अवाढव्य कासवांवरून उचललेली आहे, आणि तीही फुगवून. तेलाने दमा जात नाही, उपचार तेवढे लांबतात.

आत्याला मी एवढंच म्हटलं, महादेवाच्या देवळात आपण आधी कासवाला हात लावतो, मग आत जातो. ते दगडाचं आहे म्हणून चालतं. असं जिवंत कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे पहिल्या अनुसूचीतलं जनावर, शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५,००० रुपये. ती घाबरली, पण मला वाटतं त्याहून जास्त तिला ते तांदूळ पाहून वाईट वाटलं. तिनेच ते चाळणीने काढले.

संध्याकाळी वन खात्याची माणसं येऊन कासव घेऊन गेली. तुमच्या अंगणात आलं तर टबात ओल्या फडक्याखाली ठेवा, खायला काही घालू नका, तोंडाजवळ बोट नेऊ नका आणि वन खात्याला फोन करा. सूरसागर तलावात वगैरे स्वतः नेऊन सोडू नका. आणि फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, कारण आत्याने टाकलेल्या फोटोखाली दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी नंबरने विचारलं होतं, "नखं किती?"