लाटेवर पाय समांतर ठेवायचे नसतात आणि दुखरा खांदा राबवायचा नसतो

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, “ताई, यातला चौथा नियम मी तीन आठवडे पाळते आहे, पण खांदा उलट जास्तच दुखतो. माझे काही चुकते आहे का?” तिचे काही चुकलेले नव्हते, चूक त्या संदेशात होती. विषय होता बोर्डवर उभे राहून लांब वल्ह्याने, म्हणजे पॅडलने, पाणी मागे सारत लाटांवर स्वार होण्याच्या खेळाचा. ‘स्टँड-अप पॅडल सर्फिंग : योग्य पवित्रा आणि स्नायूंच्या समतोलाचे सात नियम’ अशा मथळ्याचा तो मजकूर तोवर तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो वाचून सोडून दिला होता. तो घरात येऊन दुखापत करून गेल्यावर मात्र गप्प बसणे मला पटत नाही.

संदेशातील सात नियम थोडक्यात असे आहेत : पाय लाटेवरसुद्धा समांतरच ठेवावेत, पायाच्या बोटांनी बोर्ड घट्ट पकडावा, नजर पायांवर ठेवावी, ज्या बाजूचा खांदा दुखतो त्या बाजूने दुप्पट पॅडल मारावे, हा संपूर्ण शरीराचा समतोल व्यायाम असल्यामुळे दुसरा कोणताही व्यायाम करू नये, मागून अचानक ढकलल्यावर जो पाय पुढे पडतो तोच कायम पुढचा पाय मानावा, आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, पायाला ओढून तोल बिघडवते म्हणून ती काढून टाकावी.

सुरुवात चौथ्या नियमापासूनच करते, कारण सर्वांत जास्त नुकसान त्याने होते. संदेशातील शब्द असे आहेत : “दुखणारा खांदा हा कमकुवत खांदा असतो. त्या बाजूने दुप्पट स्ट्रोक मारा. दुखणे ही स्नायू समतोल होत असल्याची खूण आहे.” हे लिहिणाऱ्याने पॅडल हातात धरून आपले दोन हात काय करतात हे एकदाही नीट पाहिलेले नसावे. उजवीकडून पॅडल मारताना उजवा हात दांड्यावर खाली असतो आणि ओढण्याचे काम करतो, तर डावा हात वरच्या मुठीवर, डोक्याच्या उंचीपाशी असतो आणि दाब देतो. म्हणजे प्रत्येक स्ट्रोकमध्ये दोन्ही खांदे राबतात, फक्त त्यांची कामे वेगवेगळी असतात. त्यामुळे ‘उजवी बाजू वापरली की उजवा खांदा बळकट होतो’ हे गृहीतकच चुकीचे आहे.

माझ्या बहिणीचे उदाहरण पाहा. ती लाटेवर डावा पाय पुढे ठेवते, म्हणजे सर्फिंगच्या भाषेत ती रेग्युलर आहे. अशा माणसाचे अंग उजवीकडे वळलेले असते, बोटांची बाजूही उजवीच असते आणि त्या बाजूने पॅडल मारणे त्याला सोपे वाटते. मी किनाऱ्यावरून तिचे स्ट्रोक मोजले, तेव्हा लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे जाईपर्यंत तिने बावीस स्ट्रोक उजवीकडून मारले आणि तीन डावीकडून. त्या बावीसही वेळा तिचा डावा हात वर होता, कोपर कानाच्याही वर गेलेले होते आणि खांदा मानेकडे ओढला गेला होता. हात असा डोक्यावर असताना त्याच्यावर जोर दिला, की खांद्याच्या हाडाखालून जाणाऱ्या स्नायुबंधांवर पुन्हा पुन्हा ताण येतो. म्हणजे तिचा डावा खांदा दुखत होता तो उजवीकडून मारलेल्या पॅडलमुळे. संदेश वाचून तिने डावीकडून दुप्पट स्ट्रोक सुरू केले, तेव्हा तोच दुखरा खांदा आता खाली राहून ओढण्याच्या कामाला जुंपला गेला. आधी वर ताणलेला खांदा नंतर खालून ओढला गेला आणि विश्रांती त्याला मिळालीच नाही. तिसऱ्या आठवड्यात तिला डावा हात बाहीत घालतानाही कळ येऊ लागली होती.

यामागची स्नायूंची रचना समजून घेतली, तर हा सल्ला घातक का आहे ते स्पष्ट होते. पॅडल ओढणारे मोठे स्नायू, म्हणजे पाठीवरचा लॅटिसिमस आणि छातीचे पेक्टोरल, दंडाला आतल्या बाजूला वळवतात. त्याला बाहेर वळवणारे आणि दंडाच्या हाडाचा गोलक खोबणीत नीट धरून ठेवणारे रोटेटर कफमधील स्नायू आकाराने लहान असतात आणि पॅडल मारण्याने त्यांना त्या प्रमाणात काम मिळत नाही. स्ट्रोक वाढवले की मोठे स्नायू आणखी बळकट होतात आणि तफावत रुंदावते, मग ते स्ट्रोक कोणत्याही बाजूने मारा. समतोल साधायचा असेल तर जमिनीवर, रबरी पट्टा हातात घेऊन, कोपर बरगडीला टेकवून हात बाहेर वळवण्याचा साधा व्यायाम आणि खांद्याची पाती मागे खेचण्याचा व्यायाम करावा लागतो. आणि दुखणे ही थांबण्याची सूचना असते. रात्री कुशीवर झोपता येत नसेल, हात उचलताना बळ कमी पडत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर पॅडल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवणे हाच मार्ग आहे. या खेळातील दुखापतींच्या पाहणीत खांदा आणि दंड यांचा क्रमांक पहिला लागतो आणि त्याखालोखाल कंबर येते, हे माहीत असताना दुखऱ्या खांद्यावर दुप्पट भार टाकायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे.

आता पहिल्या नियमाकडे येते. पाय समांतर ठेवावेत हे सपाट पाण्यापुरते बरोबरच आहे. बोर्ड उचलण्याच्या मुठीच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या रुंदीइतके अंतर ठेवून, बोटे पुढे आणि गुडघे सैल, हा पवित्रा प्रत्येक नवशिक्याला शिकवला जातो. बोर्ड प्रामुख्याने डावी-उजवीकडे डोलतो आणि तो डोल सांभाळायला पाय रुंद हवेत. पुढे-मागे तोल सांभाळण्याचे काम बोर्डची लांबीच करत असते. फुटलेल्या लाटेचा फेस बोर्डच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, आदळतो तेव्हा मात्र हे गणित बदलते. बोर्ड एकदम अडतो किंवा मागे ढकलला जातो आणि शरीर पुढे जात राहते. पाय समांतर असतील तर पुढे-मागे आधार असतो तो केवळ एका पावलाच्या लांबीएवढा. म्हणूनच फेसातून बाहेर जाताना एक पाय अर्धे पाऊल मागे घेऊन तिरका पवित्रा घ्यावा लागतो. धक्का येण्याच्या क्षणी वजन मागच्या पायावर घेऊन नाक हलके करायचे आणि फेस खालून गेला, की लगेच पुढचा स्ट्रोक मारायचा.

लाट पकडल्यावर तर आडवा पवित्राच लागतो. पुढचा पाय मध्याच्या आसपास, मागचा पाय शेपटीकडे फिनच्या (बोर्डखाली बसवलेल्या माशाच्या परासारख्या पात्याच्या) जवळ, दोन्ही पाय बोर्डच्या मधल्या रेषेवर. असे उभे राहिले, की टाचेवर किंवा बोटांवर जोर देऊन बोर्ड कडेवर झुकवता येतो आणि मागच्या पायाने शेपूट दाबून वळवता येतो. समांतर पायांनी लाटेवर उभा राहिलेला माणूस वजन पुढे-मागे न्यायचे तर कमरेतून वाकण्यावाचून काही करू शकत नाही. तो पुढे वाकला, की बोर्डचे नाक पाण्यात घुसते. मागे झुकला, की लाट निघून जाते. लाटेचा उतार वाढला तर हे सगळे एका सेकंदात घडते. मोठमोठ्या स्पर्धांमध्ये लाटांच्या प्रकारात उतरणारे खेळाडू आडव्या पवित्र्यातच उभे असतात, ते या कारणामुळे.

या नियमाच्या समर्थनासाठी, हवाई बेटांवरचे पूर्वजही पाय समांतर ठेवूनच लाटांवर उभे राहत, असा दाखला संदेशात दिला आहे. यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, हवाईतील वाइकिकी किनाऱ्याच्या छायाचित्रांत काही सर्फर किनाऱ्याकडे तोंड करून, पाय जवळजवळ जुळवून सरळ उभे दिसतात. पण ते ज्या फळ्यांवर उभे होते त्या लांब, जड, लाकडी होत्या आणि त्यांना फिन नव्हता. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी सर्फबोर्डला फिन बसवला तो 1935 मध्ये. बिनफिनच्या जड फळीवर लाटेबरोबर बरेचसे सरळ किनाऱ्याकडेच जायचे असल्यामुळे तसे उभे राहून निभावत होते. आणि पॅडल घेऊन लाटांवर उभे राहण्याचा आजचा प्रकारही प्राचीन काळापासून जसाच्या तसा चालत आलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर वाइकिकीचे बीच बॉय, म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे स्थानिक लोक, मोठ्या बोर्डांवर वल्हे घेऊन उभे राहत असत आणि 2000 च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन यांच्यासारख्या हवाईतील सर्फरांनी त्याला पुन्हा चालना दिली. तेव्हा जुन्या छायाचित्रांवरून आजच्या आठ-नऊ फुटी, फिन असलेल्या बोर्डवरचा पवित्रा ठरवता येत नाही.

एक पाय कायम मागे ठेवल्याने कमरेच्या आणि मांडीच्या दोन बाजूंना सारखे काम मिळत नाही, हा संदेशातला आक्षेपही पूर्णपणे खोटा नाही. मागच्या पायाचा गुडघा वळताना जास्त वाकतो आणि आत झुकतो, हे खरे आहे. परंतु लाटेवरचा काळ काही सेकंदांचा असतो आणि पॅडल मारण्याचा काळ त्याच्या कितीतरी पट असतो. असमतोल शोधायचाच असेल तर तो त्या बावीस विरुद्ध तीन स्ट्रोकमध्ये शोधावा. ज्यांना पायांची काळजी आहे त्यांनी जमिनीवर एका पायावरचे व्यायाम दोन्ही पायांनी करावेत आणि लहान लाटांत पाय बदलून उभे राहण्याचा सराव करावा.

सहावा नियम वाचताना मला आश्चर्य वाटले ते वेगळ्याच कारणाने. पाय सदैव समांतरच ठेवायचे असतील, तर पुढचा पाय कोणता हे ठरवायचे कशासाठी? ढकलून पाहण्याची युक्ती पहिला अंदाज म्हणून ठीक आहे. दोन-चार लाटांवर दोन्ही प्रकारे उभे राहून पाहिले, की आपल्याला सोयीचा पाय आपोआप कळतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बोटे वळवून बोर्ड आवळला की पावलाची कमान उचलली जाते, तळव्याचा बोर्डशी होणारा स्पर्श कमी होतो, बोर्डची हालचाल उशिरा कळते आणि थोड्याच वेळात पावले बधिर होतात किंवा पोटरीत गोळा येतो. माझ्या बहिणीच्या बोटांची पेरे पांढरी पडलेली मी स्वतः पाहिली आहेत. वजन टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ या तीन ठिकाणी पसरवावे आणि अधूनमधून बोटे हलवून पाहावीत. हलली नाहीत, तर आपण बोर्ड आवळून उभे आहोत. नजरही समोर, येणाऱ्या पाण्यावर हवी. पायांकडे पाहिले की मान आणि पाठ वाकते आणि लाट दिसायची राहून जाते.

पाचव्या नियमात ‘समतोल’ या एका शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. बोर्डवर न पडता उभे राहणे म्हणजे तोल सांभाळणे. शरीराच्या दोन बाजूंचे किंवा सांध्याच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे बळ एकमेकांना जुळणे ही वेगळी गोष्ट आहे. या विषयावर माझ्या वाचनात आलेला सर्वांत उपयोगी अभ्यास ऑस्ट्रेलियातील बाँड विद्यापीठातील बेन श्रॅम आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केला. आधी हा खेळ न खेळलेल्या 13 जणांनी 6 आठवडे, आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येकी एक तास पॅडल मारले. त्यांची दमश्वासाची क्षमता सुमारे 23 टक्क्यांनी वाढली. धडाच्या स्नायूंची सहनशक्तीही वाढली आणि ती डाव्या-उजव्या दोन्ही कुशींवर जवळपास सारखीच, म्हणजे उजवीकडे सुमारे 26 आणि डावीकडे सुमारे 28 टक्के. एवढा भाग संदेशाच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण त्याच अभ्यासात उभ्याने तोल सांभाळण्याच्या क्षमतेत, स्थिर किंवा हालचालीतल्या, दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. तेरा जणांचा हा लहान अभ्यास आहे आणि त्यावरून सर्वांसाठी अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नव्हे; तरीही ‘पॅडल मारा, तोल आणि समतोल आपोआप येईल, दुसरा व्यायाम करू नका’ हे विधान त्याच्या आधारावर टिकत नाही. धड बळकट झाले म्हणून खांद्याचे लहान स्नायू बळकट झाले, असे तर त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

लीश काढून टाकण्याचा सातवा नियम कोणीही पाळू नये. लाटांमध्ये सुटलेला आठ-नऊ फुटी बोर्ड फेसाबरोबर किनाऱ्याकडे झेपावतो, त्याच्या वाटेत पोहणारी माणसे असतात आणि आपण स्वतः तरंगण्याचा आधार गमावून मागे राहतो. लीश मागच्या पायाला, साधारण बोर्डच्या लांबीची आणि लाटांत सरळ प्रकारची असावी, गुंडाळीची नको, कारण ताणलेली गुंडाळी बोर्डला झटक्याने आपल्याच अंगावर परत आणू शकते. वाहत्या नदीत घोट्याची लीश अडकून जीव धोक्यात येऊ शकतो, म्हणून तेथे कमरेची, एका हिसक्यात सुटणारी वापरतात. पण तेथेही लीश असतेच.

बहिणीने माझ्या सांगण्यावरून काल तिचे पॅडल मोजले. ते तिच्या उंचीपेक्षा 27 सेंटिमीटरने लांब होते, म्हणजे सपाट पाण्यावरच्या लांब पल्ल्यासाठीही जास्तच. त्यामुळेच तिची वरची मूठ प्रत्येक स्ट्रोकला डोक्यापलीकडे जात होती. लाटांसाठी आम्ही ते तिच्या उंचीपेक्षा 13 सेंटिमीटरच जास्त राहील इतके कमी केले आहे. खांदा अजून बरा झालेला नाही, त्यामुळे ती सध्या पाण्यात उतरत नाही. रबरी पट्ट्याचा व्यायाम मात्र फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे, दुखणार नाही इतक्याच ताणाने, रोज करते आहे.