माझ्या हातातली वही काढून घेऊ नका

आज सांगलीच्या विश्रामबागेत एका वास्तुशांतीला गेले होते. पंगत बसण्याआधी नात्यातल्या एका काकूंनी माझ्या हातातली वही काढून घेतली, पाठीमागे धरली आणि चार बायकांसमोर म्हणाल्या, "आता वही न बघता सांग, सकाळी फोनवर मी तुला काय सांगितलं?" मला सांगता आले नाही. फोन आला होता हेही आठवत नव्हते. "अशानं मेंदूला गंज चढतो गं," असे म्हणून त्यांनी वही परत दिली आणि त्या वाढायला निघून गेल्या. मी तिथेच कोपऱ्यात बसून हे सगळे वहीत लिहून काढले, म्हणूनच आता संध्याकाळी ते तुम्हाला सांगू शकते आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात मला मेंदूज्वर झाला, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ओठांवर पुळ्या उठवणारा हर्पिसचा विषाणू क्वचित कोणाच्या मेंदूत शिरतो, तसा तो माझ्या मेंदूत शिरला. मिरजेत २१ दिवस दर आठ तासांनी शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूवरचे औषध दिले गेले, म्हणून मी जगले. परंतु कानशिलाच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग नव्या गोष्टींची नोंद पक्की करतो, तो त्या तडाख्यात सापडला. जुने बहुतेक सगळे जागेवर आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे मी झोपेतून उठवले तरी सांगेन. सकाळची फिटची गोळी घेतली की नाही, हे मात्र वहीतली खूण पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

सात महिन्यांनी मी पतसंस्थेत अर्धा दिवस जाऊ लागले. रोखीचे काम आता माझ्याकडे नाही, मी लोकांना भरण्याच्या स्लिपा लिहून देते. मार्केट यार्डात हळद निवडायला जाणाऱ्या एक आजी दर सोमवारी येतात. पहिल्या सोमवारी त्यांनी खाते क्रमांक आणि रक्कम सांगितली, मी पेन उचलले, तेवढ्यात शेजारी फोन वाजला आणि दोन्ही आकडे माझ्या डोक्यातून गेले. मी पुन्हा विचारले, त्यांनी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हाही त्यांचा आवाज पहिल्या वेळेसारखाच होता. पुढच्या सोमवारी त्यांनी नातीकडून लिहून आणलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली: नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख. चिठ्ठीच्या कडेला पिवळ्या बोटांचे ठसे उमटले होते. त्या चिठ्ठ्या मी वहीतच चिकटवत आले आहे.

या आजींना कोणी काही शिकवले नव्हते. मग शिकल्यासवरलेल्या घरांत माझी तोंडी परीक्षा का घेतली जाते? चष्मा लावणाऱ्याचा चष्मा ओढून "आता वाच" असे आपण म्हणत नाही. मोडलेल्या पायाच्या माणसाची काठी लपवत नाही. विसरणाऱ्या माणसाची वही मात्र हिसकावली जाते, आणि वर ती काळजी म्हणून सांगितली जाते! मला आठवायला लावून चुकीचे उत्तर वदवून घेतले, तर ते चुकीचेच माझ्या डोक्यात घट्ट बसते, कारण नंतर केलेली दुरुस्ती लक्षात राहत नाही. म्हणून माझ्या थेरपिस्ट बाई आधी बरोबर उत्तर सांगतात आणि मग ते माझ्याकडून म्हणवून घेतात.

मेंदूला काम हवे, हे काकूंचे म्हणणे अगदीच खोटे नाही, आणि त्यांच्या मनात वाईट नव्हते हेही मी मान्य करते. पण वही उघडणे हेच माझे काम आहे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांच्यावर फिटांसाठी १९५३ साली शस्त्रक्रिया झाली, त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला, आणि त्यांना नवे प्रसंग लक्षात राहीनासे झाले. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा सराव त्यांना दिला, तेव्हा त्यांचा हात रोज सुधारत गेला, आदल्या दिवशी सराव केल्याचे त्यांना स्वतःला आठवत नसतानाही. हे ऐकले त्या दिवशी मी पुष्कळ रडले होते, असे वहीत लिहिले आहे. माझा हातही आता प्रश्न आला की आपोआप वहीकडे जातो. हे मी कमावले आहे.

माझी लेक "मघाशीच सांगितलं ना" असे आता म्हणत नाही. सुरुवातीला म्हणायची. दहावीचे वर्ष, घरात आजारपण, ती तरी किती सोसणार होती? यजमान तर पाचव्या वेळीही पहिल्यांदा विचारल्यासारखे उत्तर देतात. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर एवढेच सांगते: सकाळचा तुमचा फोन मला अजूनही आठवलेला नाही. काय सांगितले होते ते पुन्हा सांगा, मी लिहून घेईन.

दुपारी घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, हे पान फाडून टाक, विसरून जाशील." मी फाडले नाही. त्याच पानावर खाली उद्याचे लिहिले आहे: सोमवार, आजी येतील, नात कितवीत आहे ते विचारायचे.