आमच्या गावात ओटीपी टेकडीवर येतो

परवा संध्याकाळी बाबांचा ओटीपी अर्ध्या गावानं ऐकला. मी ओसरीत फॉर्म उघडून बसलो होतो, कारण माझ्या सिमला रेंज तिथंच जरा धरते. बाबांचं सिम दुसऱ्या कंपनीचं, त्याला रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर. म्हणून पुतण्याला बाबांचा बटणांचा फोन देऊन वर पाठवलं आणि मधे पाण्याच्या टाकीजवळ आणखी एक पोट्टा उभा केला. मेसेज आला की वरच्यानं ओरडायचं, मधल्यानं तेच पुन्हा ओरडायचं आणि मी खाली आकडे टाकायचे. "चार! सात! शून्य! शून्य!" शेजारची आजी काठी टेकत बाहेर आली. "काऊन ओरडून रायले बापा पोट्टे? साप निंगला का?" सहा आकडे टाकले, बटण दाबलं. वेळ संपली. पुन्हा मागवा, पुन्हा आरोळी. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि पोर्टल म्हणालं, आता चोवीस तासांनी प्रयत्न करा.

त्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी एकच ओळ होती. हा ओटीपी कोणालाही सांगू नका.

कसा नाही सांगायचा? कुणीतरी येऊन दाखवा मला.

मी बी.एस्सी. झालोय, बारा एकर कोरडवाहू करतो, आणि गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरतो. पीकविमा, पीककर्ज, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, पोरींची स्कॉलरशिप. हॅकर काय करतो, एकच पासवर्ड सगळीकडं का ठेवू नये, त्यावर दुसरं कुलूप का पाहिजे, हे मला कळतं आणि मी लोकांनाही सांगतो. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला, ते बरोबरच केलं. पासवर्ड चोरीला गेला तरी फोन तुमच्याच खिशात असणार, अशी ही सगळी कल्पना. पण ज्यानं कुणी 'तुमच्याच खिशात' हे गृहीत धरलं, त्यानं माझं घर पाहिलेलं नाही. आमच्या घरात सहा माणसं आणि तीन फोन. एक माझ्याकडं, एक पुतण्याच्या अभ्यासाला, आणि बाबांचा फोन जो शेतात जाईल त्याच्याकडं. आईच्या सगळ्या योजनांना माझा नंबर. वहिनीच्या खात्याला भावाचा नंबर, आणि भाऊ पुण्याला कंपनीत पाळीवर. पाळी चालू असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. वहिनीला स्वतःच्या खात्यातले हजार रुपये हलवायचे तर भावाची पाळी सुटेपर्यंत ती थांबते. खातं तिचं, कमाई तिची, आणि किल्ली सहाशे किलोमीटरवर.

एसएमएस कसा येतो तेही सांगतो, म्हणजे हा काय छळ आहे ते कळेल. फोन रेंजमध्ये नसला की मेसेज कंपनीच्या केंद्रात अडकून राहतो आणि फोनला रेंज मिळाली की सुटतो. त्यामुळं टेकडीवर पोचलं की मागवलेले तीनही ओटीपी एकदम येऊन पडतात, तेही कधी उलट्या क्रमानं. चालतो फक्त शेवटी मागवलेला. तो कोणता, हे बारा वर्षांच्या लेकरानं अंधारात ओळखायचं. आधारच्या ओटीपीला दहा मिनिटं मिळतात, आमच्या बँकेच्या ओटीपीला तीन. टेकडी चढायला बारा लागतात. लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तास दम धरते, मग टेकडीवरही काही नाही.

आणि ही टेकडी म्हणजे पुण्याची पर्वती नव्हे. टिपेश्वरचं अभयारण्य इथून लांब नाही. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात अवनी वाघिणीची एवढी दहशत होती की लोक जिवाच्या भीतीनं शेतात जाईनासे झाले होते. नोव्हेंबरात ती मारली गेली, पण म्हणून या रानातले वाघ संपलेले नाहीत. दिवस मावळताना तिथं लेकराला पाठवायचं, सहा आकड्यांसाठी. परवा पुतण्या खाली येईपर्यंत वहिनी उंबऱ्यातून हलली नाही. मला एका शब्दानं बोलली नाही, पण तिच्याकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही.

बँकेचं प्रकरण तर याच्याही वरचं. बाबांच्या खात्याला जोडलेला नंबर जुना आहे. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हा बाबा म्हणाले, "मले तं फक्त फोन आयकाले लागते, त्याले कायले एवढे पैसे?" महिनोन् महिने रिचार्ज झाला नाही, सिम बंद पडलं. असा बंद पडलेला नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्याला देते. मी तो लावून पाहिला. एक बाई हिंदीत बोलल्या. भल्या होत्या, त्यांनीच सांगितलं की बँकेचे मेसेज येतात मला, कुणाचे ते कळत नव्हतं. म्हणजे माझ्या बापानं विकलेल्या कापसाच्या पैशाची किल्ली एका अनोळखी बाईच्या फोनवर जाते. त्या प्रामाणिक निघाल्या हे आमचं नशीब. नंबर बदलायला ॲप उघडलं, तर ॲप म्हणतं, जुन्या नंबरवर पाठवलेला ओटीपी टाका.

मग शाखा. चोवीस किलोमीटर, सकाळची एसटी. फॉर्म भरला, तर सही जुळत नाही. अंगठा लावा म्हणाले. बाबांचा अंगठा मशीन घेत नाही. चाळीस वर्षं कापूस वेचला, निंदण केलं, विहिरीचे दोर ओढले, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या. मशीनवरच्या पोरानं बाबांचं बोट धरून फडक्यानं पुसलं, पाणी लावलं, सहा-सात वेळा दाबलं. मागं रांग लागलेली. कुणीतरी "सरका ना बाबा" म्हणालं. बाबा काही बोलले नाहीत. येताना एसटीत खिडकीशी बसून आपलीच बोटं पाहत होते. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "मी पुढ्यात उभा हावो, अन् मशीन म्हन्ते तू तो नोहे."

आता ज्यानं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते लिहितो.

आमच्याकडचा माणूस वर्षभर ओटीपी सांगतच असतो. सेवा केंद्रावर बसलं की "काका, मेसेज आला असेल, सांगा." सिलिंडरवाला गाडीवरूनच कोड मागतो. बचत गटाच्या बायांना कर्ज देणारा पोरगा, चौकात छत्री लावून सिम विकणारा, दवाखान्याच्या कार्डाचं शिबिर घेणारे, सगळ्यांना तो नंबर तोंडानं सांगावा लागतो. सांगितला नाही तर काम होत नाही, आणि बहुतेक वेळा काम खरंच असतं. दहा वर्षं तुम्ही माझ्या मावशीला हेच शिकवलं की फोनवर आकडे आले की समोरच्याला वाचून दाखवायचे, मग पैसे मिळतात. मेसेज इंग्रजीत. तो कशासाठी आलाय, पैसे येणार आहेत की जाणार आहेत, हे तिला वाचता येत नाही. मग एक दिवस कुणीतरी फोन करून गोड आवाजात म्हणतो, "मावशी, तुमच्या हप्त्याचा कोड आला असेल, सांगता का?" ती सांगते. तिनं आजवर प्रत्येक वेळी जे केलं तेच केलं. त्यानंतर मोठी माणसं म्हणतात की खेड्यातले लोक अडाणी, कितीही सांगा, ओटीपी देऊन बसतात. ही सवय आम्हाला लावली कुणी? एका हातानं सवय लावायची आणि दुसऱ्या हातानं पोस्टर चिकटवायचं. मावशीनं त्या दिवसापासून फोनला हात लावलेला नाही. पोरीचा फोन आला तरी उचलत नाही.

आणि ज्यानं कुणालाच ओटीपी सांगितला नाही त्याचं काय?

माझ्या चुलतभावाचे तुरीचे ३८ हजार गेले. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर योजनेच्या यादीच्या नावानं एक फाइल आली होती, नावाच्या शेवटी एपीके. पाठवणारा ओळखीचा, कारण त्याचं व्हॉट्सॲप आधीच चोरांच्या ताब्यात गेलेलं. भावानं यादी समजून दाबली आणि फोन जे विचारेल त्याला 'हो' म्हणत गेला. एपीके म्हणजे प्ले स्टोअर टाळून थेट फोनमध्ये बसणारं ॲप. त्याला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचा ओटीपी तुमच्या नजरेला पडायच्या आत चोराकडं पोचलेला असतो. रात्री भाऊ झोपलेला, फोन चार्जिंगला लावलेला, आणि पैसे तीन तुकड्यांत गेले. ज्या आकड्यांसाठी आम्ही टेकडी चढतो ते चोराला घरबसल्या मिळतात.

सकाळी कळल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. हा नंबर प्रत्येकानं दारामागं खडूनं लिहून ठेवा, आणि पैसे गेले की रडत बसण्याआधी लावा. जेवढा लवकर लावाल तेवढे पैसे पुढच्या खात्यात अडवले जायची आशा. आम्हाला रात्र मधे गेली होती. मग शाखेत गेलो. साहेब मान वर न करता म्हणाले, "तुम्हीच कोणाला तरी ओटीपी दिला असणार." भाऊ म्हणाला, "साहेब, लेकराची शपथ." शपथ कायले खातं बापा, मी म्हटलं, आणि मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक काढून टेबलावर ठेवलं. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. साहेबांनी ते वाचलं नाही. अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला, आणि त्याच्यावर पोचेचा शिक्का मिळवायला अर्धा तास भांडलो. तुम्हीही भांडा. शिक्क्याशिवाय काउंटरवरून हलू नका.

एसएमएसचा ओटीपी कच्चा आहे हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एनआयएसटीनं, २०१७ च्या नियमांत फोनवरून येणाऱ्या कोडला 'जपून वापरा' अशाच वर्गात टाकलं. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डोर्सी याच्याच ट्विटर खात्यावरून चोरांनी घाणेरडे मजकूर टाकले, कारण त्याचा मोबाइल नंबर त्यांनी ताब्यात घेतला होता. कंपनीच्या प्रमुखाचा नंबर राखला गेला नाही, तिथं माझ्या बापाचा कोण राखणार?

आणि याला उपाय नाही असं कुणी म्हणू नये. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप असतं, त्याला रेंज लागतच नाही. सुरुवातीला एकदा क्यूआर कोड स्कॅन केला की फोनमध्ये एक गुप्त किल्ली बसते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या हिशेबातून दर तीस सेकंदांनी नवे सहा आकडे निघतात, आणि पलीकडचा सर्व्हरही तोच हिशेब मांडून ते जुळवतो. टॉवर बंद असो, लाइट जावो, आकडे येतातच. या पद्धतीचं खुलं मानक २०११ सालचं आहे. मी माझ्या जीमेलला हे लावलंय. गूगल दहा बॅकअप कोडही देतं, आठ-आठ आकड्यांचे, फोन हरवला तर उपयोगी. ते कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये, पेटीत ठेवलेत. गावातल्या चाळीसेक फोनमध्ये पारावर बसून व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिनही मीच लावून दिला. सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे, दोन मिनिटांचं काम. हे मला फुकटात जमतं. बँकेत विचारलं तर म्हणाले, आमच्याकडं तसलं काही नाही. का नाही? रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरवलेले नियमही एसएमएसवर अडून बसत नाहीत, दुसरे मार्ग मोकळे ठेवतात. मोकळे आहेत तर द्या ना आम्हाला. बटणांचा फोन वापरणाऱ्यालाही द्या. पूर्वी काही डेबिट कार्डांच्या मागं अक्षरं आणि आकड्यांची जाळी छापलेली असायची, तीत पाहून कोड टाकता यायचा. त्याला ना टॉवर लागायचा ना टेकडी. आणि मेसेज मराठीत पाठवा, पहिल्या ओळीत लिहा की तुमच्या खात्यातून इतके रुपये जाणार आहेत. मावशीला निदान सातवीपर्यंतचं मराठी येतं.

सोमवारी बाबांना घेऊन पुन्हा शाखेत जायचंय. वेचणी ऐन भरात आहे, बाया मिळत नाहीत, बोंडं फुटून कापूस लोंबायला लागलाय, आणि आमचा एक दिवस पुन्हा त्या रांगेत जाणार. काल रात्री जेवणं झाल्यावर बाबा अंगणात खाटेवर बसून बोटांना खोबऱ्याचं तेल चोळत होते. मी विचारलं तर म्हणाले, "सोमवारलोक रोज लावतो. उमटला तं उमटला."