मतदार शहाणा होऊ नये म्हणून

समजा, एखाद्या आंतरराष्ट्रीय करारावर सार्वमत आहे, करारात मानवी हक्कांचाही मामला आहे आणि मतदारांना माहिती देण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. युरोपीय संघाच्या लिस्बन कराराच्या वेळी आयर्लंडने कित्ता घालून ठेवलाय, तुम्ही फक्त गिरवा.

करार लपवायच्या भानगडीत पडू नका. उलट मतदाराच्या हातातच द्या. लिस्बन करार म्हणजे जुन्या करारांची दुरुस्तीपत्रिका: अमुक परिच्छेदातला तमुक शब्द गाळा, त्या जागी हा घाला. जुने करार शेजारी उघडे ठेवल्याशिवाय अक्षर कळत नाही. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांनीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नसल्याची कबुली दिली होती. मग मतदाराला कोण बोल लावणार?

त्यातही जो हक्क शोधायला बसेल त्याची कीव करा. कारण हक्क त्यात नाहीतच! ते मूलभूत हक्कांच्या सनदेत आहेत. ही ५४ कलमांची सनद वेगळी, २००० साली नीसमध्ये जाहीर झालेली. युरोपीय संघाच्या मूळ करारातलं, लिस्बनमुळे बदललेलं कलम ६ एवढंच म्हणतं की सनदेला करारांइतकंच कायदेशीर मोल राहील. एवढ्या एका वाक्यावर सगळा डोलारा. म्हणून ते वाक्य भाषणात कधीही वाचून दाखवू नका.

तुम्ही ‘हो’च्या बाजूचे असाल तर फक्त ‘तुमचे हक्क आता सुरक्षित’ म्हणा आणि खाली बसा. सनदेच्या कलम ५१ चा उल्लेख टाळा. सदस्य देशांना सनद लागू होते ती युरोपीय संघाचा कायदा राबवताना. निव्वळ देशी कायद्याविरुद्ध ती हातात घेऊन कुणी कोर्टात गेलं, तर सनद काही कामाची नाही. हे ऐकून मतदाराचा उत्साह मावळतो, आणि मावळलेला माणूस मतदानाला येत नाही.

‘नाही’च्या बाजूचे असाल तर तुमची मौज जास्त. सनदेचं कलम २ फाशीला सरळ मनाई करतं. पण सनदेच्या स्पष्टीकरणात युद्धकाळातल्या अपवादाचा जुना मजकूर उद्धृत केलाय. तेवढाच उचला, ‘फाशी परत येणार’ म्हणून आवई उठवा. आयर्लंडने २००१ साली सार्वमत घेऊनच राज्यघटनेत फाशीबंदी घातली होती, आणि राज्यघटनांनी दिलेलं संरक्षण सनदेमुळे कमी होणार नाही असं तिचं कलम ५३ सांगतं. पण इतका मजकूर फलकावर मावतो कुठे? २००९ मध्ये ‘लिस्बननंतर किमान वेतन १.८४ युरो?’ असे फलक झळकले. तेव्हा आयर्लंडचं किमान वेतन ताशी ८.६५ युरो होतं, आणि वेतन ठरवणं संघाच्या अधिकारात नाही हे करारातच लिहिलेलं होतं. पण त्या शेवटच्या प्रश्नचिन्हाची कमाल बघा! आरोप होतो, जबाबदारी येत नाही.

सरकारी तिजोरीतून एकाच बाजूचा प्रचार करण्याचा मोह मात्र आवरा. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या मॅकेना निकालाने तो रस्ता बंद केलाय. मग उरतो मतदारांना तटस्थ माहिती देणारा आयोग: लिस्बनच्या वेळी तो सार्वमत आयोग होता, २०२३ पासून निवडणूक आयोग. तो इमानेइतबारे माहितीपुस्तिका घरोघर पाठवतो. पाठवू द्या. फलक खांबावर असतो, पुस्तिका टपालातल्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात.

आणि एवढं करूनही कौल विरोधात गेला तर? १२ जून २००८ ला ५३.४ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. २ ऑक्टोबर २००९ ला पुन्हा विचारलं, ६७.१ टक्के ‘हो’ म्हणाले. मधल्या काळात हमीपत्रं आली, करारातलं एक अक्षर बदललं नाही. दुरुस्ती लागते ती मतदारालाच.

कलम ६ मध्ये आणखी एक ओळ होती: संघ युरोपीय मानवी हक्क करारात सामील होईल. त्यासाठी मसुदा झाला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये संघाच्याच लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने तो करारांशी विसंगत ठरवला. ही ओळ मतदाराला दाखवली नाहीत ते बरंच केलंत. त्याने उगाच ‘कधी?’ म्हणून विचारलं असतं.