माडाखाली कुणी बसत नाही

मागच्या आठवड्यात ‘विषयपत्रिका कोण लिहितो?’ हा लेख टाकला. म्हणणं एवढंच होतं, की निर्णय सभेत होत नाही. तो सभेच्या आठ दिवस आधी, विषयपत्रिकेचा कागद टाइप होतो तेव्हाच होऊन गेलेला असतो. मग ते पेपरचं ऑफिस असो, मंत्रालय असो की गावची सोसायटी. त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं ‘एक गाववाला’. त्यांचे मुद्दे चार. नाणारच्या रिफायनरीसाठी निघालेल्या भूसंपादनाच्या अधिसूचनेचं साल मी चुकवलं. जे छापलंच गेलं नाही त्याचा पुरावा काय? गावातल्या पोरांना नोकऱ्या हव्यात यावर मी अवाक्षर काढलं नाही, म्हणजे माझाही अजेंडाच. आणि वाचनालयाचा सचिव असताना विषयपत्रिका मीच लिहायचो. हे सगळं झाल्यावर शेवटचं वाक्य असं: ‘भाऊ, माडाखाली बसून असलं लिहायला सोपं असतं.’

आधी साल. चुकलं, मान्य. भूसंपादनाची अधिसूचना 2018 मध्ये रद्द झाली असं मी लिहिलं होतं. ती रद्द झाली मार्च 2019 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर. लेखात दुरुस्ती केली आहे. पण एप्रिल 2018 मध्ये नाणारच्या जाहीर सभेत खुद्द उद्योगमंत्र्यांनी ‘अधिसूचना रद्द केली’ असं सांगून टाळ्या घेतल्या होत्या, आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री म्हणाले होते की मंत्र्यांना तसा अधिकारच नाही. तुम्ही इतके बारकाईने वाचणारे, तुम्हाला हे आठवत असेलच. एकच अधिसूचना व्यासपीठावर मेली आणि फायलीत पुढे दहा महिने जगली. तिथे माझं एका सालाने चुकलं. असो. चूक ती चूक.

आता माड.

अहो गाववाले, माडाखाली कुणी बसत नाही. नारळ डोक्यात पडतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बसायचं तर फणसाखाली, नाहीतर पडवीत. या एका वाक्यावरूनच तुम्ही गावात किती राहिलात ते समजलं. आणि माझ्याकडे माड दोनच आहेत. त्यांचे नारळ आधी माकडं खातात, उरले तर आम्ही. बाकी कलमं आहेत हापूसची, तेवीस, आणि यंदाच्या मोहराची दशा काय होती ते विचारू नका.

पण माडाचं सोडा. ‘सोपं असतं’ हा शब्द मला लागला. 1994 ते 2005 अशी अकरा वर्षं मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पगार नव्हता. छापून येईल त्याचं कॉलम सेंटिमीटरवर मानधन, तेही तीन-चार महिन्यांनी. बातम्या हाताने लिहायच्या, पाकिटात घालायच्या आणि संध्याकाळच्या रत्नागिरी गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायच्या. गाडी चुकली तर बातमी शिळी. पावसात तो लखोटा सदऱ्याच्या आत धरून राजापूरच्या स्टँडवर किती वेळा उभा राहिलो, याचा हिशेब तुमच्याकडे नाही. त्या वेळी तुम्ही शाळेत असाल, नाहीतर जन्मालाही आला नसाल.

एका एप्रिल महिन्याची गोष्ट सांगतो. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरच्या, एका वाडीत बावडी आटली होती. पावसाळ्यात दार उघडता येत नाही असला आमचा प्रदेश, आणि होळी झाली की हंडे रांगेत. बायका पहाटे चारला कंदील घेऊन खालच्या झऱ्यावर जात. झऱ्यात पाणी एवढंच, की करवंटीने भरून हंड्यात ओतायचं. एक हंडा भरायला वीस मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो, म्हणून आकडा सांगतोय. बातमी पाठवली. त्याच आठवड्यात वर्धापनदिनाची पुरवणी होती आणि जाहिराती आणायचं टार्गेट वार्ताहरावरच असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. सरपंचांनी पाव पान दिलं, फोटोसकट, ‘शुभेच्छुक’ म्हणून. ते पाव पान मीच आणलं होतं. पावतीही मीच फाडली. बातमी आली नाही. फोन केला तर उपसंपादक म्हणाले, ‘जागा नव्हती हो.’ ती आली जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, आतल्या पानावर चार ओळींत. मथळा होता: पाणीटंचाई दूर होणार.

खोटं कुणीच छापलं नाही, एवढं लक्षात घ्या. हे मी झऱ्यावर बसून शिकलो, माडाखाली नाही.

आता तुमचा ‘न छापल्याचा पुरावा काय’ हा सवाल. वरचा पुरावा पुरला नसेल तर मोठा देतो. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं. त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी टिळकांच्या ‘केसरी’ने छापली नाही, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवलं आहे. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे. एकाच जिल्ह्यातली ही दोन नावं. दरवर्षी 6 जानेवारीला आपण पत्रकार दिन करतो, पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांना हार घालतो, 1832 च्या ‘दर्पण’ची आठवण काढतो, पण आरशात काय येऊ दिलं नाही याचा दिवस कुणी पाळत नाही. लेखात चॅपेल हिल या अमेरिकेतल्या गावी झालेल्या अभ्यासाचा उल्लेख होता, तोही तुम्ही ‘अमेरिकेतलं काहीतरी’ म्हणून उडवून लावलात. 1968 च्या निवडणुकीत मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी तिथल्या मत न ठरलेल्या 100 मतदारांना विचारलं, की देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते. उत्तरांचा क्रम आणि तिथल्या पेपर-टीव्हीने दिलेल्या महत्त्वाचा क्रम जवळजवळ सारखा निघाला. शंभरच माणसं आणि एकच गाव, हे खरं. त्यावरून कोण कुणामुळे हेही सिद्ध होत नाही. पण वाडीतला झरा ज्या पेपरात नाही, तो जिल्ह्याच्या डोक्यात कुठून येणार?

नोकऱ्यांचं म्हणाल तर तो विषय मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. कधीतरी लिहीन. आज घोटाळा नको.

वाचनालयाबद्दल. होय, सहा वर्षं सचिव होतो आणि विषयपत्रिका मीच लिहायचो. सचिवानेच लिहायची असते. वर्गणीवाढ ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात घेतली, हेही खरं. त्याला कारणं होती, ती त्या वेळच्या लोकांना ठाऊक आहेत. गणपूर्ती (कोरम) नव्हती म्हणून सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेतली, हे तर रीतसर आहे, सगळीकडे तसंच करतात. चहा होईपर्यंत अर्धा तास जातोच. तुमचे वडील सभेला होते की नव्हते ते मला आठवत नाही, पण अनुमोदक म्हणून ज्यांची सही आहे ते तुमच्याच वाडीतले.

आणि सभांची एवढी चाड आहे तर ग्रामसभेला या की. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांत जो कमी आकडा असेल तेवढी माणसं लागतात, आणि तीही जमत नाहीत. ग्रामसभेच्या तारखाच बघा. 26 जानेवारीला तुम्ही मुंबईत. 15 ऑगस्टला गणपतीची रजा शिल्लक ठेवायची म्हणून मुंबईत. 2 ऑक्टोबरला गणपती करून परत मुंबईत. फक्त 1 मेला तेवढे गावात असता, तर तेव्हा आम्ही आंबे काढायचा झेल घेऊन बागेत. तुमच्या पेट्या भरायला.

पुढच्या वेळी नाव लिहून लिहा, म्हणजे मलाही अरे म्हणायचं की अहो ते कळेल. तुमची प्रतिक्रिया खाली ठेवली आहे. त्यातला वर्गणीच्या हिशेबाचा परिच्छेद मात्र काढला. विषयाला धरून नव्हता.